सवलत घेताना कोणती वाट बंद होते?



या अंकाची जुळवाजुळव चालू होती तेव्हाची गोष्ट. दुपारी कार्यालयात एक मुलगी आली. मुलगी कसली, पंचविशीची बाई. बोटांवर वॉर्निशचे डाग, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली प्रमाणपत्रे. मी तिला चटकन ओळखले नाही. तिने ओळख दिली तेव्हा आठवले. दहा वर्षांपूर्वी ती नववीत होती आणि मी एम.एस.डब्ल्यू. करून तालुक्याच्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी जाऊ लागले होते. पाणी पिऊन झाले, घरच्यांची विचारपूस झाली आणि मग तिने सरळ विचारले, “ताई, त्या कागदावर तुम्ही सही केली तेव्हा तुम्हाला माहीत होतं का, माझं इलेक्ट्रिशियनचं बंद होणार म्हणून?”

मला माहीत नव्हते. त्याहून खरे सांगायचे तर मी ते शोधलेच नव्हते. या वेळच्या संपादकीयात त्या सहीबद्दल लिहिते आहे. कारण ती सही माझ्या एकटीची असली तरी तशा सह्या आपल्यापैकी अनेकजणी रोज करत असतो, आणि चांगल्या मनाने करत असतो.

तिच्या वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. आसपासच्या गावांतल्या विहिरीवरच्या मोटरी, बोअरच्या पाणबुडी मोटरी जळाल्या की तिथे येतात. उन्हाळ्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ही चौथीपासून वडिलांच्या हाताखाली काम करायची. जळकी तार उपसायची, स्लॉट साफ करायचे, कागद कापून आत बसवायचा, तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून कॉइल भरायची. वेढे मोजताना दर दहाला ती जमिनीवर खडूची एक रेघ ओढायची. मोजणी कधी चुकली नाही असे वडील सांगत. शाळेत मात्र हीच मुलगी सहाचे नऊ करी, बाराचे एकवीस करी, फळ्यावरचे उतरवून घेताना अख्खी ओळ गाळी. बाई म्हणत आळशी आहे. वर्गातली मुले म्हणत ढ आहे. आठवीत दोनदा गणितात नापास झाली आणि आईवडिलांनी शाळा सोडवायची भाषा सुरू केली.

तपासणी झाली तेव्हा अध्ययन-अक्षमता निघाली. म्हणजे बुद्धी चांगली, पण अक्षरे-आकडे वाचण्या-लिहिण्यात अडचण. आईने शेतावरची मजुरी बुडवून तीन खेपा घातल्या तेव्हा प्रमाणपत्र हातात पडले. ते घेऊन आम्ही सवलतींचा अर्ज भरला. महाराष्ट्रात १९९६ सालापासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक, तिसऱ्या भाषेतून सूट आणि बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीचे अंकगणित व कार्यानुभवाचा एक विषय. या सवलती आकाशातून पडलेल्या नाहीत. त्यासाठी पालकांनी, डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत. त्यांच्यामुळे हजारो मुलांच्या कपाळावरचा ‘नापास’ हा शिक्का पुसला गेला. म्हणून कोणी असे समजू नये की मी सवलतींच्या विरुद्ध लिहिते आहे.

पण त्या दिवशी आम्ही काय केले? अर्जात जेवढे रकाने होते तेवढ्या सगळ्यांवर बरोबरची खूण केली. मुख्याध्यापक म्हणाले, गणिताचा काटा निघेल, शाळेचा निकालही सुधारेल. आई म्हणाली, पोरगी एकदाची दहावी झाली म्हणजे मिळवली. मी म्हटले, मुलीवरचा ताण कमी होईल. सगळ्यांचे एकमत झाले. मुलगी बाकावर बसून होती. पुढे काय करायचे आहे असे तिला कोणी विचारले नाही.

मुलगी दहावी झाली. पेढे आले, मीही खाल्ले. त्या वर्षांत राज्य मंडळाने दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली होती, २०१६ सालापासून. तिच्या अहवालात कल निघाला ‘तांत्रिक’. तो कागद घेऊन ती वडिलांबरोबर आयटीआयमध्ये गेली, तेव्हा तिथे सांगितले की वीजतंत्री या अभ्यासक्रमाला दहावीला विज्ञान आणि गणित हवे. तिच्या गुणपत्रिकेवर ते गणित नव्हते. पॉलिटेक्निकचेही तेच. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. त्याने आपलेपणाने सल्ला दिला, “मुलगी आहे, त्यातून अशी आहे, शिवणकामाला घाला.” त्याच इमारतीत तारतंत्री नावाचा अभ्यासक्रम होता आणि त्याला आठवी पास एवढीच अट होती. ते त्याने सांगितले नाही, कारण मुलीला तिथे घालायचे कोणाच्या डोक्यातच आले नाही. वडिलांना माहीत नव्हते. मला तर कोणी विचारायलाच आले नाही. माझे काम निकालाच्या दिवशी संपले होते.

तिने वर्षभर शिवणकाम केले. ते प्रमाणपत्र पिशवीत होते, तिने मला दाखवले. कपड्यावर कधी हात बसला नाही. आज ती वडिलांच्याच दुकानात वाइंडिंग करते आणि दुकानाच्या पाटीवर धाकट्या भावाचे नाव आहे. भाऊ वीजतंत्री झाला आहे. त्याच्याकडे कागद आहे, हिच्याकडे हात आहेत.

आता या गोष्टीकडे आपण बायकांच्या नजरेने पाहू या. तिच्यापुढे दोन कुलुपे होती. एक ‘अशी मुलगी’ म्हणून घातलेले, दुसरे ‘मुलगी’ म्हणून घातलेले. दुसरे कुलूप आपल्या ओळखीचे आहे. मुलींना अवघड गणित कशाला, त्यांना घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढे शिकवा, हे आपल्या आज्यांनी ऐकले आहे. १९६२ साली मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत की नसावेत हे पाहण्यासाठी राष्ट्रीय स्त्री शिक्षण परिषदेने एक समिती नेमली. तिच्या अध्यक्ष होत्या हंसा मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ असे लिहायला लावणाऱ्या त्याच हंसाबाई. मुलगी आहे म्हणून अभ्यासक्रम वेगळा नको, अशी भूमिका त्या समितीने घेतली. कोठारी आयोगानेही नंतर ती उचलून धरली. ‘मुलींचे गणित’ हा प्रकार आपण मोडीत काढला त्याला आता साठ वर्षे होत आली. आणि तोच प्रकार सवलतीच्या नावाने अपंग मुलीच्या दप्तरात परत आला, तो आपल्या लक्षातही आला नाही.

फरक एवढाच आहे की इथे अडचण खरी आहे. अध्ययन-अक्षमतेत आकडे खरोखर उलटे होतात. म्हणून ‘सगळ्यांना एकच’ हे उत्तर पुरत नाही. वेगळ्या गरजेला वेगळी मदत द्यावीच लागते. पण मदत दोन प्रकारची असते. एक मदत मुलीला त्याच मुक्कामाला वेगळ्या वाटेने नेते: जादा वेळ, लेखनिक, ब्रेल, खुणांची भाषा, मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका, उतरंड. दुसरी मदत मुक्कामच जवळ आणून ठेवते आणि म्हणते, एवढे पुरे तुला. पहिली हक्काने मागावी. दुसरी कधीकधी घ्यावी लागते, पण घेताना पुढची कोणती वाट बंद होते ते मुलीला आणि तिच्या आईला माहीत असले पाहिजे. ते सांगणे हे व्यवसाय मार्गदर्शनाचे खरे काम आहे, आणि ते दहावीनंतर नव्हे, आठवीत-नववीत करायचे असते. कलचाचणी दहावीत आणि गणित सोडायचा निर्णय त्याच्या आधी, असे असेल तर कल कळून उपयोग काय?

तिच्यासारख्या आणखी मुली मला या कामात भेटल्या. ऐकू न येणारी एक मुलगी. भाषेतून सूट मिळते म्हणून तिने इंग्रजी सोडले. पुढे संगणकावर काम करायची तिची इच्छा होती आणि पडद्यावरचे निम्मे शब्द तिला लागेनात. खुणांच्या भाषेतून तिला इंग्रजी शिकवणारे आसपास कोणी नव्हते. कमी दिसणारी एक मुलगी, तिला पाचवीपासून गाणे शिकायला बसवले, कारण ‘आंधळ्यांना गळा चांगला असतो’. तिचा गळा माझ्याइतकाच बेसूर आहे आणि हिशेबात ती फार हुशार आहे. पायाने अधू असलेली तिसरी. मार्क उत्तम, पण कनिष्ठ महाविद्यालयाचे विज्ञानाचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर म्हणून ती कला शाखेत. जिन्याने तिची शाखा ठरवली. चौथी बौद्धिक अक्षमता असलेली. अठरा वर्षांची झाल्यावर शाळा संपली आणि ती घरी बसली.

आणि घरी बसण्याचे आकडे आपल्याकडे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यात १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातली संख्या २९ लाखांहून जास्त. अपंग पुरुषांपैकी ६२ टक्के साक्षर होते, स्त्रियांपैकी ४५ टक्के. काम करणाऱ्या अपंग पुरुषांचे प्रमाण ४७ टक्के, स्त्रियांचे २३ टक्के. म्हणजे अपंगत्वाने दोघांनाही मागे ओढले, पण बाईला दुप्पट. शिवाय जनगणनेत ‘काम’ कशाला म्हणतात ते आपण जाणतोच. ही बाई घरात भावंडांची पोरे सांभाळते, भाकऱ्या थापते, निवडणे-टिपणे करते, आणि तिच्यापुढे लिहिले जाते ‘काम करत नाही’.

आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या मनात काय चालते ते मी अनेक ओट्यांवर बसून ऐकले आहे. धडधाकट मुलीला निदान ‘उद्या सासरी जाणार’ म्हणून तरी शिकवतात. अपंग मुलीचे लग्न होईल असे कोणी धरत नाही आणि ती कमावेल असेही कोणी धरत नाही. ती घरात राहील, आपण आहोत तोवर आपण, मग भाऊ. भावाच्या बायकोचे नाव मात्र कोणी काढत नाही. दुसरी भीती अत्याचाराची. वसतिगृहात पाठवली, एकटी बसने गेली आणि काही झाले तर? ही भीती खोटी आहे असे आपल्यापैकी कोण म्हणेल? पण तिच्यावर उपाय म्हणून मुलीला घरात कोंडतात तेव्हा ती सुरक्षित होत नाही, नुसती दिसेनाशी होते. स्वतःच्या शरीराची माहिती, नको म्हणता येणे, एकटीने प्रवास करणे, बँकेत जाऊन आपली सही करणे, हे शिवण-टिपणाइतकेच, किंबहुना त्याआधी शिकवायचे धडे आहेत. कुठल्याही व्यवसाय मार्गदर्शनाच्या पुस्तकात ते पहिल्या पानावर हवेत.

अशा मुलींना आजवर कोणती कामे शिकवली गेली? मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या, उदबत्त्या, फिनाइल. दिवाळीच्या आधी प्रदर्शन भरते, आपण जातो, कौतुकाने चार पाकिटे घेतो. आमच्या गटानेही दरवर्षी घेतली. पणती रंगवणाऱ्या मुलीला दिवसाचे किती रुपये मिळतात हे आम्ही एकदाही विचारले नाही. शेतमजूर बाईला किमान वेतन मिळते का हे विचारणाऱ्या आम्ही! ते ‘मानधन’ असते, ‘उपचाराचा भाग’ असतो, असे सांगितले की आमचा प्रश्न संपतो. पणत्या करणे वाईट नाही. ज्या मुलीला ते आवडते आणि ज्यातून तिच्या हातात चार पैसे पडतात, तिने ते जरूर करावे. पण पाय अधू असो, कान अधू असो की डोळे अधू असोत, सगळ्यांना एकच पणती, हे मार्गदर्शन नव्हे.

शिवाय ठरावीक काम शिकवून मोकळे होण्यात आणखी एक धोका आहे. अंधांना खुर्च्या विणायला शिकवले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. टेलिफोन ऑपरेटर केले, यंत्रेच बोलू लागली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अपंगांना एसटीडी-पीसीओचे बूथ दिले गेले. किती घरे त्यावर चालली! मोबाइल आला आणि बूथ रिकामे झाले. एकच काम शिकलेल्या माणसाला काम गेल्यावर दुसरे शोधता येत नाही. म्हणून शाळेतून शिकवायचे ते कामापेक्षा काम निवडणे. मला काय येते, काय आवडते, कोणत्या मदतीने ते जमेल, ती मदत कोणाकडे मागायची, आणि नाही म्हटले तर कोणत्या कायद्याचे नाव घ्यायचे.

कायदा तर आता बराच बरा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि अध्ययन-अक्षमता त्यात प्रथमच आली. म्हणजे आमची मुलगी नववीत होती तेव्हा केंद्राच्या कायद्यात तिच्या अडचणीला नावसुद्धा नव्हते. आता सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत. २०२१ साली केंद्राने अपंग व्यक्ती करू शकतील अशी साडेतीन हजारांहून अधिक पदांची यादी जाहीर केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्रच हवे असा हट्ट धरता येणार नाही. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की नुसत्या टक्केवारीवर बोट ठेवून वैद्यकीय प्रवेश नाकारू नका, तो विद्यार्थी शिक्षण पुरे करू शकेल का ते तपासा. मार्च २०२५ मध्ये तर अंध व्यक्तीला न्यायाधीश होण्यापासून अडवता येणार नाही असा निकाल आला. राज्यात ३ डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. न्यायालय इतके पुढे गेले आहे आणि आमच्या तालुक्यातल्या नववीच्या वर्गात अजून ‘शिवणकामाला घाला’ चालू आहे. समग्र शिक्षा योजनेत अपंग मुलीला महिना २०० रुपये भत्ता मिळतो, वर्षातले १० महिने. तोही अनेक आयांना माहीत नसतो.

उदाहरणे द्यायची झाली तर आपण लगेच मोठी नावे घेतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी डोळ्यांनी दिसत नसताना केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. पहिल्या यशानंतर रेल्वेच्या सेवेत त्यांना नाकारले गेले, त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि त्या प्रशासकीय सेवेत गेल्या. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण ती सांगताना तिचा अलीकडचा भाग सांगायचा राहून जातो. त्या ज्या शाळेत शिकल्या ती दादरची अंध मुलींची शाळा १९०० साली ॲना मिलार्ड या बाईंनी सुरू केली. त्याच काळात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात अंध मुलींना ब्रेल शिकवले जात होते. म्हणजे एका मुलीच्या यशामागे सव्वाशे वर्षांची शिकवण्याची परंपरा आहे. आमच्या तालुक्यातल्या मुलीमागे एक सही होती. आणि दुसरे असे की प्रत्येक अपंग मुलीने कलेक्टरच का व्हावे? धडधाकट मुलगी साधी कारकून, साधी वायरमन, साधी दुकानदारीण झाली तर आपल्याला पुरते. अपंग मुलीलाही साधे होण्याचा हक्क हवा.

आता आपल्याविषयी. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या, तेव्हा स्त्री संघटनांनी आवाज उठवला. मी तेव्हा लहान होते. एम.एस.डब्ल्यू. करताना त्या दिवसांची टिपणे वाचली आणि या चळवळीत यावेसे वाटण्याचे ते एक कारण ठरले. या मुलीच्या शरीरावर तिचा हक्क आहे, हे आपण त्या वेळी ठासून सांगितले. पण त्या शरीराला पोट आहे, त्या हातांना काम हवे, त्या कामाचे पैसे तिच्या नावावर हवेत, ही पुढची वाक्ये आपण तेवढ्या जोराने बोललो नाही. हिंसा झाली की ती आपल्या अंकात येते. रोजगाराच्या अंकात, शिक्षणाच्या अंकात ती नसते. आमचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. चाकाच्या खुर्चीवरची आमची एक मैत्रीण बैठकीला यायची तर चौघींनी उचलून आणावे लागे. एकदा ती म्हणाली, “मला उचलून घेतलेलं आवडत नाही, म्हणून मी येत नाही.” आम्हाला वाटत होते तिला वेळ नसतो.

म्हणून या वेळी काही ठोस कामे सुचवते आहे. प्रत्येक गटाने आपापल्या गावी करून पाहावी.

पहिले, सवलतीचा अर्ज भरण्याआधी आई आणि मुलगी दोघींना समोर बसवून साध्या मराठीत लिहिलेला एक कागद वाचून दाखवायचा. हा विषय सोडला तर हे-हे अभ्यासक्रम बंद होतात, हे-हे उघडे राहतात. आधी जादा वेळ आणि लेखनिक घेऊन पाहायचे. विषय सोडणे हा सगळ्यात शेवटचा उपाय. आमच्या तालुक्यापुरता असा कागद आम्ही करतो आहोत. तुमच्या जिल्ह्यातल्या आयटीआयचे अभ्यासक्रम आणि त्यांच्या अटी तुम्ही गोळा करा.

दुसरे, आठवीपासून दर सत्रात निदान दोनदा मुलींना कामाच्या जागी न्यायचे. गॅरेज, बँक, दवाखाना, छापखाना, रोपवाटिका. आणि तिथे काम करणाऱ्या, विशेषतः अपंग असून काम करणाऱ्या बायकांशी त्यांची गाठ घालून द्यायची. आपल्यासारखी बाई पगाराच्या कागदावर सही करताना पाहिली की मुलीला वेगळे व्याख्यान लागत नाही.

तिसरे, शाळेला विचारायचे की कलचाचणी असो, समुपदेशन असो, अंध मुलीने ते कसे करायचे, कर्णबधिर मुलीशी खुणांच्या भाषेत कोण बोलणार. पडद्यावरचे वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही संगणक-प्रणाली फुकट मिळते. शाळेतल्या संगणकांवर ती आहे का? नसेल तर का नाही?

चौथे, बचत गटांनी आपली यादी काढून पाहावी. गावातली अपंग बाई सभासद आहे का? नसेल तर ‘ती हप्ता कसा भरणार’ हे आपणच परस्पर ठरवले का? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा अपंगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागायचा आणि त्यातले बायकांच्या वाट्याला किती आले हेही विचारायचे.

पाचवे, पुढच्या दिवाळीत पणत्या विकत घेताना मजुरी विचारायची. उत्तर मिळेपर्यंत विचारायची.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. वरच्या सगळ्या सूचना त्यांना जशाच्या तशा लागू होत नाहीत. त्यांच्यापैकी काहीजणी स्वतंत्रपणे कमावू शकणार नाहीत आणि त्यामुळे त्यांची किंमत कमी होत नाही. कमाई हीच माणसाच्या मोलाची कसोटी धरली तर आपणही बाजाराचीच भाषा बोलू लागू. पण ‘हिला काही जमणार नाही’ हे कोणी, कधी, किती प्रयत्नांनंतर ठरवले, एवढे विचारायला हरकत नसावी. अनेकदा ते ठरवायला पाच मिनिटेही लागलेली नसतात.

त्या दुपारी तिच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिले ते सांगायचे राहिले. मी म्हटले, “माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं. माझं चुकलं.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सगळे म्हणतात तुझ्या नशिबात नव्हतं. चुकलं असं कोणी म्हणालं नव्हतं.” आणि पिशवीतून तारतंत्रीच्या प्रवेशाचा अर्ज काढला. तो भरून घ्यायलाच ती आली होती. वाचताना अजून ओळी गळतात, म्हणून कोणीतरी शेजारी बसायला हवे होते.

आम्ही दोघींनी तो अर्ज भरला. ज्या सवलती मागायच्या त्या तिने एकेक करून वाचून घेतल्या. प्रत्येक ओळीला विचारले, “ही घेतली तर पुढे काय होतं?” लेखी परीक्षेला जादा वेळ हवा म्हणाली. वाचून दाखवणारे माणूस हवे म्हणाली. शेवटच्या एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे नको, हे मला येतं.” प्रवेश मिळेल की नाही ते अजून कळायचे आहे. मिळाला तर तिला सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये बसावे लागेल. घरी भावाला ते पटलेले नाही. वडील काही बोलत नाहीत, पण अर्जाचे पैसे त्यांनीच दिले.

तुमच्या गटाने कधी अशी सही केली असेल, किंवा थांबवली असेल, तर आम्हाला लिहा. पुढच्या अंकात ती पत्रे छापू. आणि अपंग मैत्रिणींना खास विनंती: तुमच्याविषयी आम्हीच लिहीत राहावे हे बरे नव्हे. पुढचे संपादकीय तुमच्यापैकी कोणी लिहावे असे ठरले आहे. हाताने, ब्रेलमध्ये, बोलून, खुणांनी, जसे जमेल तसे पाठवा. ते कागदावर उतरवून घेण्याचे काम आमचे.